बांधावरचा साग विकायला लागलेले सहा महिने, माझा अनुभव

आमचं गाव नांदेड जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडं. वडलांनी 1995 च्या पावसाळ्यात सागाच्या जड्या, म्हणजे मुळासकटची खुंटाची रोपं, आणून बांधावर लावल्या होत्या, त्यातल्या 46 जगल्या. तेव्हा मी शाळेत होतो, उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालायचं काम माझ्याकडं. वडील गेले, मागच्या वर्षी घराचं काम काढलं आणि पैसे कमी पडले म्हणून झाडं विकायचं ठरलं.

व्यापारी आला, बांधावरून एक चक्कर मारली आणि म्हणाला सगळी उक्ती, न मोजता एकरकमी देऊन टाका, 1 लाख 10 हजार, पास-परवानगी सगळं माझ्याकडं. मी म्हणलं भाव कसा काढला, तर म्हणाला "भाऊ, कामून डोकं लावायलास, फाईल करायची म्हणजे तुझे चपलीचे जोड झिजतील." तेव्हाच मला खटकलं, कारण याचा अर्थ तो लाकडाचा भाव सांगतच नव्हता, माझ्या भीतीचा भाव सांगत होता. आमच्या भागात नव्वद टक्के लोक इथंच हो म्हणतात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

मी ठरवलं आपणच करायचं. नोव्हेंबरात सुरुवात केली.

पहिली अडचण सातबाऱ्याची. 1964 चा झाडं तोडण्याबद्दलचा कायदा आहे, त्याच्या यादीत साग, चंदन, खैर, मोह, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडं येतात, ती स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि परवानगी मागायला गेलं की पहिला प्रश्न, झाडं तुमचीच कशावरून? आमच्या सातबाऱ्यावर तीस वर्षांत सागाची नोंदच नव्हती. 2021 पासून ई-पीक पाहणी ॲपमध्ये बांधावरची झाडं टाकता येतात पण आम्ही दरवर्षी फक्त सोयाबीन आणि कापूस टाकून मोकळे. तलाठी भाऊसाहेबांनी येऊन पंचनामा केला तेव्हा नोंद लागली, त्यात दीड महिना गेला. शिवाय सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव, तिचं संमतीपत्र लागलं, ती बिचारी परभणीहून एक दिवसासाठी आली.

दुसरी अडचण बांधाची, आणि खरं सांगतो याच्यातच जीव गेला. बांध चुलत्याच्या आणि आमच्या रानाच्या मधला. वडील होते तोवर कुणी काही बोललं नाही, पण झाडांना पैसे येणार म्हणल्यावर चुलते म्हणाले अर्धी माझी. दोन महिने बोलणं बंद. माझ्या बायकोनं आणि चुलतीनं मधे पडून शेवटी मोजणी करायचं ठरलं, फी भरली, मोजणीवाले आले, खुणा रोवल्या आणि 7 झाडं त्यांच्या बाजूला निघाली. मला वाईट वाटलं कारण त्या झाडांनाही पाणी मीच घातलेलं, पण नकाशात जे निघालं ते मान्य केलं. म्हणजे आमची 39, त्यातली 24 जाड होती तेवढ्यांचाच अर्ज दिला, 15 ठेवली.

मग वन खात्याची पाहणी. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला पाच आठवडे लागले, दर वेळी नवीन एक कागद कमी निघायचा, सगळे एकदम का सांगत नाहीत याचा मला आजही राग आहे. पण जे वनपाल शेवटी रानात आले त्यांनी काम नीट केलं. प्रत्येक झाडाचा छातीएवढ्या उंचीवर, म्हणजे 1.37 मीटरवर, घेर मोजला, नंबर टाकला, यादी केली. मी त्यांना विचारलं साहेब एवढं कशाला, तर त्यांनी किनवटकडं हात केला आणि म्हणाले तिकडं जंगलातला साग चोरून तोडला तर तो शेतातला म्हणूनच बाहेर काढतात, कागद नसला तर ओळखायचा कसा. हे पटलं मला. पण चोराला अडवायचा खर्च तीस वर्षं झाड सांभाळणाऱ्यानं भरायचा, हे नाही पटलं. म्हणून तर आमच्याकडं नवीन पोरं बांधावर साग लावतच नाहीत, निलगिरी नाहीतर सुबाभूळ लावतात कारण ते त्या यादीत नाही. बांबूचंही तसंच, 2017 ला रानातला बांबू वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून काढला तेव्हापासून लोक त्याच्याकडं वळायलेत. केंद्राचं 2014 चं कृषिवनीकरण धोरण आहे, त्यात हेच लिहिलंय की तोडणी आणि वाहतुकीचे नियम सोपे करा नाहीतर शेतकरी झाडं लावणार नाही. मराठवाड्यात किनवट-माहूर सोडलं तर जंगल नावालाच आहे, इथं झाड वाढणार ते शेतकऱ्याच्याच रानात.

एप्रिलच्या शेवटी परवानगी आली. तोडणी, मग ओंडक्यांची यादी, ओंडक्यांवर वन खात्याच्या हातोड्याचा शिक्का, वाहतूक पास. पासला मुदत असते, ट्रॅक्टर आधीच सांगून ठेवा, आमचा एक दिवस उशिरा आला असता तर परत फेरी होती.

वखारीत मोजणी कशी होते ते मात्र समजून घ्या. ओंडक्याच्या मधोमध घेर घेतात, त्याला चारनं भागतात, आलं त्याचा वर्ग गुणिले लांबी. 3 फूट घेर आणि 8 फूट लांबीचा ओंडका या हिशेबानं साडेचार घनफूट भरतो, पण खरं लाकूड असतं 5.7 घनफुटाच्या वर. म्हणजे जवळजवळ 21 टक्के लाकूड मोजातच येत नाही. ही जुनी रीत आहे, सगळीकडं हीच चालते, फसवणूक म्हणता येत नाही, पण भाव ठरवताना हे डोक्यात पाहिजे. मी दोन वखारींत विचारून गेलो होतो म्हणून बोलता आलं. तीस वर्षांच्या सागात पांढरं, म्हणजे सालीखालचं कच्चं लाकूड जास्त असतं त्यामुळं जुन्या सागाचा भाव मिळत नाही, तेही मान्य. 218 घनफूट भरलं, घनफुटाला 850 रुपयांनं 1 लाख 85 हजार 300. जमिनीची मोजणी, मजुरी, ट्रॅक्टर, येणं-जाणं धरून 34 हजार गेले. दीड लाख हातात, 24 झाडांचे, आणि तो व्यापारी 46 ची 1 लाख 10 हजार देत होता.

पाऊस पडल्यावर खुंटांना फूट आली, साग पुन्हा फुटतो. एकेक जोरकस फांदी ठेवून बाकीच्या काढल्या, आणि यंदा ई-पीक पाहणीत पहिलं काम बांधावरच्या झाडांची नोंद केली. परवा चुलते आले, ओट्यावर बसले, म्हणाले माझ्या त्या सात झाडांचं काय करायचं रे. मोजणी झालेलीच आहे, सोमवारी त्यांचा सातबारा घेऊन तलाठ्याकडं दोघं जाणार आहोत.