माइकसमोरची रांग

काल जळगावला बहिणीकडे भरीत आणि कळण्याच्या भाकरीचे ताट समोर असताना भाच्याने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि पडद्यावर अमेरिकेतला उजव्या विचारांचा कार्यकर्ता चार्ली कर्क एका विद्यार्थ्याशी वाद घालत होता.

"मामा, यानं कॉलेज पूर्ण केलं नाही, पण मोठा झाला तो कॉलेजांमधूनच," असे तो घास न थांबवता म्हणाला.

ते खरेच आहे. २०१२ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, कर्कने ‘टर्निंग पॉइंट यूएसए’ ही विद्यार्थ्यांमध्ये उजवे विचार पसरवणारी संघटना उभी केली. पुढे विद्यापीठाच्या आवारात तंबू टाकायचा, ‘मी चूक आहे हे सिद्ध करा’ असे आव्हान द्यायचे आणि माइक विरोधकाच्याही हाती द्यायचा, ही त्याची ओळख झाली. १० सप्टेंबर २०२५ रोजी यूटा राज्यातील अशाच कार्यक्रमात त्याची गोळी घालून हत्या झाली, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता.

त्याची बहुतेक मते मला पटत नाहीत, आणि कोणता वाद कापून पसरवायचा हे त्याचेच लोक ठरवत, हेही विसरता येत नाही. तरीही माइकसमोरची ती रांग मी पाहत राहिलो, कारण आपल्याकडे निवडणुकीत पोरांच्या गळ्यात उपरणे पडते, माइक मात्र भाऊंकडेच राहतो.

"त्या रांगेत तू असतास, तर काय विचारलं असतंस?" मी विचारले.

त्याने मोबाइल पालथा ठेवला आणि भाकरीचा तुकडा मोडला.