तुम्ही विचारलंत म्हणून: बंद करायची सुरुवात

पावसाळ्यात गुहागरला लाईट गेली की माझ्या खोलीत यूपीएस टीं-टीं करायला लागतो आणि मिनिटभरात संगणक आपला आपण बंद होतो. शेजारचे गुरुजी त्या वेळी बरेचदा ओटीवर असतात. लाईट आल्यावर अर्धवट टाईप केलेली ओळ जशीच्या तशी पडद्यावर आली की ते न चुकता विचारतात, "मेमरीतलं उचलून डिस्कवर ठेवायचं, एवढंच ना? मग त्याचं महिना-महिना डिझाइन कसलं करता?"

मेमरीची प्रत डिस्कवर ठेवून संगणक बंद करायचा आणि नंतर तिथूनच उठवायचा, याला हायबरनेशन म्हणतात; मी त्याला झोप म्हणतो. उचलून ठेवण्याचा भाग लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टममध्ये बरीच वर्षं नीट चालतोय. माझा वेळ जातो तो सुरुवातीवर. बंद व्हायला कोणी सांगायचं, कधी सांगायचं, आणि कुठपर्यंत 'नको, राहू दे' म्हणता येतं, हे ठरवण्यात.

गौरी-गणपती झाले की आमच्या वाडीतले चाकरमानी घर बंद करून मुंबईला परततात. आधी चूल विझवायची, सिलिंडर बंद करायचा, मागच्या दाराला आतून कडी घालायची, मग पुढच्या दाराने निघून बाहेरून कुलूप. क्रम चुकला तर माणूस आत राहतो किंवा दार उघडं. कर्नलचाही, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाही, असाच क्रम आहे. डिस्कवर लिहायचं राहिलेलं तो आधी लिहून घेतो, मग चालू प्रोग्राम जागच्या जागी गोठवतो. गोठायला एरवी 20 सेकंदांची मुदत असते. तेवढ्यात एकजण जरी गोठला नाही तरी सगळ्यांना सोडून दिलं जातं आणि बेत रद्द.

आता आमच्याकडची गंमत बघा. लाईट जाते तेव्हा राउटरही जातो. एखादा प्रोग्राम नेटवर्कवरच्या फोल्डरमधली फाइल मागून बसलेला असतो, उत्तर येत नाही, आणि तो ना पुढे सरकत ना गोठत. म्हणजे ज्या कारणाने झोपायचं, तेच कारण झोपू देत नाही. पुण्यातल्या ऑफिसात बसून हे मला कधीच दिसलं नसतं. म्हणून माझ्या मांडणीत 'झोप' म्हणण्याआधी नेटवर्कवरची फोल्डरं सोडवून घेण्याची पायरी आहे.

दुसरं म्हणजे जागा. मेमरीची प्रत स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर मेमरीसाठी राखलेल्या जागेत, जाते, पण स्वॅप पुरेशी मोकळी आहे का हे कर्नल प्रत लिहायला घेताना बघतो. तोवर प्रोग्राम गोठवून झालेले, मेमरीची प्रत काढून झालेली. जागा कमी पडली तर सगळं उलटं सोडवायचं, आणि जुन्या यूपीएसची दोन मिनिटं पाण्यात. तेव्हा हा हिशेब हुकूम देणाऱ्यानेच आधी करावा. सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये सेवा चालू-बंद करणारा प्रोग्राम, तो करतोही. कर्नलने थोडकं करावं आणि शहाणपण बाहेर ठेवावं, हे मला एरवी पटतं. पूर्वी या कामासाठी कीबोर्डवरची सिसआरक्यूची कळ होती, एसीपीआयच्या (वीज सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) स्लीप फाइलीत 4 आकडा लिहायचा मार्ग होता. आता पॉवर फोल्डरातल्या 'स्टेट' फाइलीत 'डिस्क' हा शब्द लिहिला की झालं. एका शब्दाचं दार आहे, पण ते कोणी ठोठवावं हे कर्नल विचारत नाही.

किती आधी ठोठवायचं, हे गणित सोपं आहे. प्रत मेमरीच्या दोन-पंचमांशाच्या आसपास ठेवायचा कर्नलचा प्रयत्न असतो, म्हणजे 16 जीबीच्या यंत्रात साधारण साडेसहा जीबी. जुनी फिरती हार्डडिस्क सेकंदाला 100 एमबी लिहिते असं धरलं तर मिनिटभर लागतं. लिहिताना दाबून लहान करतात, म्हणून थोडं कमी. बॅटरी अगदी शेवटाला आल्यावर सुरुवात करण्यात काही अर्थ नाही.

गुरुजींना मात्र सगळ्यात आवडला तो भाग वेगळाच. प्रत काढणारा कर्नल स्वतःही त्या प्रतीत असतो. म्हणजे प्रत काढण्याचं काम एकदा सांगायचं आणि ते दोनदा संपतं. एकदा लगेच, आणि दुसऱ्यांदा उद्या-परवा, प्रत पुन्हा मेमरीत भरल्यावर. दोन्ही वेळा पुढची ओळ तीच. पहिल्या वेळी अर्थ 'आता डिस्कवर लिही', दुसऱ्या वेळी 'लिहू नकोस, ऊठ'. कुठली वेळ चालू आहे हे प्रतीतल्या कर्नलला कळणार कसं? त्यासाठी 'इन सस्पेंड' नावाची एक खूण आहे आणि ती मुद्दाम प्रतीतून वगळतात. झोपताना तिथे 1 असतो. उठताना त्याच जागी 0, आणि प्रत भरताना त्या जागेला हात लावत नाहीत. घराच्या उपमेत हे बसत नाही. बसवायला गेलो तर भुताची गोष्ट होईल, आणि भुतं आमच्याकडे आधीच पुरेशी आहेत.

माझी मोठी चूक इथली नव्हती. एका आंबा कॅनिंगवाल्याचा बिलिंगचा संगणक मी लावून दिला होता. संध्याकाळी लाईट गेली, प्रत व्यवस्थित लिहिली गेली, यंत्र बंद झालं. सकाळी ते ताजं, कोरं सुरू झालं. प्रत डिस्कच्या कुठल्या भागावर (पार्टिशनवर) आहे हे बूट करताना सांगणारी 'रिझ्यूम'ची ओळ मी टाकलीच नव्हती. घराला कुलूप लावलं आणि किल्ली कोणाकडे ठेवली ते कोणालाच सांगितलं नाही. तरी नशीब, यंत्र ताजं सुरू होऊन डिस्कवर नवं लिहिलं गेल्यावर ती जुनी प्रत कोणी जागी केली नाही. केली असती तर फाइलसिस्टमचीच, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या मांडणीचीच, वाट लागली असती. गेलं ते एक न साठवलेलं बिल. पेट्यांचा आकडा हमालाच्या वहीत होता.

तेव्हापासून माझी स्क्रिप्ट आधी उठण्याची वाट तपासते. ती नसेल तर झोपायचा हुकूमच देत नाही, सरळ शटडाऊन करते.

हे सगळं ऐकून गुरुजी म्हणाले, "मग दर वेळी सेव्ह करून सरळ बंदच का करत नाही?"

कॅनिंगवाले आता तेच करतात.