फॉक्सप्रो, व्हीबी, डेल्फी आणि आपला मराठी डेटा

हल्ली कोणी विचारलं की दुकानासाठी नाहीतर छोट्या पतसंस्थेसाठी डेटाबेसवालं सॉफ्टवेअर कशात लिहू, की लोक धडाधड फ्रेमवर्कची नावं सांगायला लागतात. मी आधी एकच विचारतो, नावं मराठीत टाकायची आहेत का? हो म्हणाला की अर्धी यादी तिथंच गळते.

फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस-लँग्वेजपासून सुरू करतो कारण माझा जीव अजून तिथंच अडकलाय. यात टेबल लँग्वेजच्या बाहेर नसतंच, यूज म्हटलं की टेबल उघडलं, स्कॅन-एंडस्कॅनमध्ये एकेक रेकॉर्ड फिरायचं, रिप्लेस म्हणायचं, झालं काम. कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसचा पत्ता) नाही, रेकॉर्डसेट (डेटाबेसकडून आलेल्या ओळींचा गठ्ठा) नाही, कसली भानगड नाही. रशमोअर नावाचं इंडेक्स (पटकन शोधायची सूची) वापरायचं टेक्निक त्यात होतं, त्यामुळे मोठं टेबल असलं तरी साध्या मशीनवर पटकन उत्तर यायचं. आणि डिलीट केलेलं रेकॉर्ड पॅक (कायमचं काढून टाकायची कमांड) मारेपर्यंत फाईलमध्येच पडून असतं, रिकॉल केलं की परत हजर! यामुळे किती क्लार्क लोकांची बोलणी वाचली असतील देव जाणे.

पण टेबलाला २ जीबीची मर्यादा, आणि नेटवर्कवर टाकलं तरी सर्व्हर म्हणजे नुसती फाईल ठेवायची जागा, सगळं काम प्रत्येकाच्या मशीनवर. लोडशेडिंगच्या काळात एन्ट्री चालू असताना लाईट गेली की इंडेक्स करप्ट, मग सगळ्यांना बाहेर काढून रीइंडेक्स मारत बसा. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतली, आणि २००७ मध्ये सांगून टाकलं की व्हर्जन ९ नंतर पुढचं येणार नाही. तरी आजही कुठल्यातरी ऑफिसात एक मशीन त्याच्यासाठीच जपून ठेवलेलं सापडतं.

व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक, १९९८) बद्दल मला फार प्रेम नाही, खरं सांगतो. फॉर्म बनवायला मस्त, पण डेटाबेस हा परका पाहुणा. एडीओ (डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) लावा, रेकॉर्डसेट उघडा, ईओएफ (ओळी संपल्या का ते) तपासा, बंद करा, आणि इन्स्टॉल करताना एखादं ओसीएक्स (फॉर्मवरच्या कंट्रोलची फाईल) रजिस्टर नाही झालं की क्लायंटचा फोन आलाच. क्लासेसमध्ये व्हीबीच शिकवायचे म्हणून जिकडेतिकडे व्हीबी.

ॲक्सेसला (मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधला डेटाबेस) प्रोग्रामर लोक नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. टेबल, फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट सगळं एका फाईलमध्ये, आणि ग्रुप करून बेरीज दाखवणारा रिपोर्ट त्याच्याइतक्या पटकन मी दुसरीकडे काढलेला नाही. फक्त तीच फाईल चार जणांनी वायफायवरून उघडू नका, डेटाची फाईल वेगळी करा आणि केबल लावा.

डेल्फी मात्र वेगळीच चीज. पास्कलवरचं हे टूल १९९५ ला बोरलँड कंपनीने काढलं, करणारा अँडर्स हेल्सबर्ग, ज्याने पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन सी शार्प केलं. फॉर्मवर टेबल कंपोनंट टाकून ॲक्टिव्ह ट्रू केलं की डिझाईन करतानाच ग्रिडमध्ये खरा डेटा दिसतो, आणि शेवटी नेटिव्ह ईएक्सई, म्हणजे मशीनवर थेट चालणारी फाईल. सुरुवातीला बीडीई (बोरलँडचं डेटाबेस इंजिन) वेगळं टाकावं लागायचं तेवढीच कटकट.

आता मराठीचं. पूर्वी शिवाजीसारखे फॉन्ट लावून डीबीएफमध्ये (फॉक्सप्रोची टेबल फाईल) मराठी भरायचे, म्हणजे आत खरं तर इंग्रजी अक्षरंच, वर फक्त मराठी दिसायचं, सॉर्टिंग केलं की भलतंच काहीतरी. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) आल्यावर फॉक्सप्रो आणि व्हीबी ६ च्या साध्या टेक्स्टबॉक्समध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हं व्हायला लागली, कारण ते विंडोजच्या जुन्या कोडपेजवर (ठरावीक भाषांपुरता अक्षरांचा तक्ता) चालतात आणि देवनागरीला तसं कोडपेजच नाही. ॲक्सेस २००० पासून ठीक आहे, डेल्फी २००९ पासून.

आणि युनिकोड आलं म्हणून सगळं सुटलं असंही नाही. नुसत्या कोडच्या क्रमाने लावलं तर 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येतो, म्हणजे काळे आधी आणि काशीद नंतर, आपल्या वर्णमालेत तर ळ ह च्या नंतर. क्षीरसागर तर थेट 'क'च्या गर्दीत जाऊन बसतात. सभासद यादी छापून नोटीस बोर्डावर लावली की हे कोणाच्या तरी लक्षात येतंच, आणि मग तुमचं आर्किटेक्चर किती भारी आहे हे कोणी विचारत नाही.

एसक्यूलाईट (एकाच फाईलमधला छोटा डेटाबेस) मूळ स्वरूपात असंच कोडच्या क्रमाने लावतं, त्याला स्वतःचं कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचा नियम) लिहून द्यावं लागतं. पोस्टग्रेस या सर्व्हरवाल्या डेटाबेसमध्ये व्हर्जन १० पासून आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं कोलेशन मिळतं, त्यात मराठी निवडता येतं. म्हणून सध्या मी एकाच मशीनचं काम असेल तर लाझारस (डेल्फीसारखंच टूल, फुकट आहे आणि डेल्फीवाल्याला घरच्यासारखं वाटतं) आणि एसक्यूलाईट, दोन-चार मशीन असतील तर लाझारस आणि पोस्टग्रेस असं लावतो. वेबवरच हवं असेल तर जँगो (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) घ्या, त्याचं ॲडमिन पॅनल जवळपास आयतंच मिळतं. फक्त रिपोर्ट डिझाईन करायला बसलो की ॲक्सेसची आठवण येते, तिथं अजून समाधान होत नाही.