नाशिकच्या कॉलेजात राहून संशोधन शिकायचं तर

नाशिकमधल्या विज्ञान महाविद्यालयांतल्या पीएचडी करणाऱ्यांची आणि शिकवता शिकवता संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांची अडचण एकसारखीच आहे. विद्यापीठ पुण्यात, सव्वादोनशे किलोमीटरच्या आत पण रोज जाण्यासारखं नाही. मोठी उपकरणं पुण्यात किंवा पवईच्या आयआयटीत. इथं गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला रिसर्च सेंटर असतं, गाइड असतात, वर्णपट काढणारी यूव्ही आणि फारतर एफटीआयआर ही उपकरणं असतात. बाकीचं शिकायचं ते प्रवासात, सुट्टीत नाहीतर ऑनलाइन. त्यामुळे वेबिनारची प्रमाणपत्रं गोळा करणं सगळ्यात सोपं, आणि बहुतेक जण तेच करतात. दोन तासांच्या वेबिनारने कुणाला एक्सआरडीचा (क्ष-किरण विवर्तनाचा) आलेख वाचता आल्याचं अजून पाहण्यात नाही.

प्रमोशनचा हिशेब आधी उरकून घेऊ, कारण त्याची भीती उगाच जास्त आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या टप्प्याला 21 दिवसांचा ओरिएंटेशन आणि शिवाय किमान आठवडाभराचा एखादा कोर्स किंवा एक मूक (MOOC), म्हणजे खुला ऑनलाइन, कोर्स पुरतो. प्राध्यापकांना प्रशिक्षण देणारी पूर्वीची एचआरडीसी केंद्रं 2023 पासून मालवीय मिशनची केंद्रं झाली आणि त्यांचे बरेच कार्यक्रम ऑनलाइन होतात. ते करा, प्रमाणपत्र फाइलला लावा आणि मोकळे व्हा. खरं शिक्षण त्याच कोर्समधून होईल, ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

शिकायला सुरुवात करायची ती आपल्याला काय येत नाही, या प्रश्नापासून. एका कागदावर तीन गोष्टी लिहा: ज्या उपकरणाचा डेटा वापरता पण जे कधी हाताळलं नाही ते उपकरण, जी आकडेमोड दुसऱ्याकडून करून घेता ती, आणि ज्या कारणासाठी तुमचा पेपर शेवटचा परत आला ते कारण. वर्षभरात यांतलं एकच धरलं तरी चालेल.

उपकरणाचं आधी घेऊ, कारण नाशिकच्या रसायन आणि भौतिक विभागांत सगळ्यात जास्त वेळ तिथंच वाया जातो. केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल जानेवारी 2020 पासून चालू आहे. देशभरातल्या सरकारी खर्चाने घेतलेल्या उपकरणांची यादी तिथं असते आणि नोंदणी करून वेळ मागता येते. आयआयटी मुंबईतलं सैफ (बाहेरच्यांनाही वापरता येणारं उपकरण-केंद्र), कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातलं सैफ, पुण्याच्या विद्यापीठातली सेंट्रल इन्स्ट्रुमेंटेशन फॅसिलिटी ही आपल्याला जवळची ठिकाणं. बाहेरच्या शैक्षणिक संस्थांना दर वेगळा असतो. विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं पत्र लागतं, पैसे भरल्याची पावती लागते. हे सगळ्यांना माहीत असतं. गडबड होते ती नमुना पाठवताना.

एनएमआरचंच (रेणूची रचना ओळखण्याच्या तंत्राचं) बघा. साध्या सेंद्रिय संयुगाचा प्रोटॉन स्पेक्ट्रम काढायला 5 ते 10 मिलिग्रॅम नमुना आणि 0.6 मिलिलिटर सीडीसीएल3 (ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म) पुरतं. कार्बनसाठी 20 ते 30 मिलिग्रॅम द्या. पण कॉलममधून संयुग वेगळं केल्यावर रोटावेपरवर द्रावक उडवलं आणि तसंच बाटलीत भरून कुरिअर केलं, तर स्पेक्ट्रममध्ये 1.26, 2.05 आणि 4.12 पीपीएमला कॉलमला वापरलेलं द्रावक, इथिल ॲसिटेट, ठाण मांडून बसलेलं दिसतं. 7.26 चं शिखर क्लोरोफॉर्मचं आणि 1.56 च्या आसपासचं पाण्याचं, हे बहुतेकांना माहीत असतं. इथिल ॲसिटेटची शिखरं मात्र कित्येकदा आपल्याच संयुगाची म्हणून प्रबंधात जातात. उपाय सोपा आहे. रोटावेपरनंतर नमुना थोड्या डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून दोनदा पुन्हा उडवा, मग व्हॅक्यूम पंपावर दोन-तीन तास ठेवा, आणि बाटलीचं वजन तासाच्या अंतराने दोनदा घ्या. वजन घटत असेल तर द्रावक अजून आत आहे.

एफटीआयआरसाठी नमुना केबीआरमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये) मिसळून दाबलेल्या चकतीचं, म्हणजे पेलेटचं, तर नाशिकात पावसाळाभर रडगाणं असतं. एक मिलिग्रॅम नमुन्याला शंभर मिलिग्रॅम केबीआर, इतकं प्रमाण पुरे. केबीआर 110 अंशांना दोन-तीन तास सुकवून डेसिकेटरमध्येच गार करायचं, टेबलावर नाही. पेलेट दुधाळ आली आणि 3400 सेमी⁻¹ च्या आसपास रुंद पट्टा दिसला, तर तो हायड्रॉक्सिल गट आहे असं लिहायच्या आधी 1640 कडे बघा. दोन्ही जागी पट्टे असतील तर ते हवेतलं पाणी असण्याचीच शक्यता जास्त. खात्री करायची असेल तर नुसत्या केबीआरची पेलेट त्याच दिवशी काढा.

एक्सआरडीमध्ये चूक घडते ती नमुन्यात कमी आणि हिशेबात जास्त. शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्रात ती रुंदी रेडियनमध्ये घालायची असते. अंशांतच घातली, तर आकार सुमारे 57 पट कमी येतो आणि 30 नॅनोमीटरचा स्फटिक अर्ध्या नॅनोमीटरचा होऊन बसतो. इतका लहान आकडा आला की संशय तरी येतो. न ओळखू येणारी चूक दुसरी: उपकरणामुळे शिखर जितकं रुंदावतं, ती रुंदी वजा न करणं. त्यासाठी सिलिकॉन किंवा लॅन्थॅनम हेक्साबोराइडचं मानक त्याच सेटिंगवर चालवलेलं हवं. नमुना पाठवताना मानकाचीही फाइल मागा, आणि नुसती पीडीएफ घेऊ नका, कच्चा डेटा घ्या. आणि शेररने निघतो तो स्फटिकाचा आकार. एका कणात असे अनेक स्फटिक असू शकतात, म्हणून टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) आकड्याशी तो जुळला नाही तर घाबरायचं कारण नाही.

हे सगळं एका भेटीत शिकता येतं, पण त्यासाठी नमुना कुरिअरने न पाठवता स्वतः जावं लागतं. उपकरण चालवणाऱ्या तंत्रज्ञांना आधी ईमेल करून विचारा, की माझा नमुना लावाल तेव्हा शेजारी बसू शकतो का. काही उपकरणांवर परवानगी मिळते, काहींवर नाही. सकाळच्या पंचवटीने नाशिकरोडहून निघून कल्याणला लोकल बदलली की कांजूरमार्गला उतरून पवई गाठता येते, आणि संध्याकाळी परतही येता येतं. दिवस एक जातो. त्या दिवसात कळतं की तुमचा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या बीमखाली जळतोय, की त्यावर चढवलेला सोन्याचा थर जाड झालाय, की तुम्ही मागितलेलं मॅग्निफिकेशन मुळात निरर्थक आहे. पीडीएफमध्ये यातलं काही लिहिलेलं नसतं.

जास्त काळ शिकायचं असेल तर तिन्ही विज्ञान अकादम्यांचा, म्हणजे बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या अकादम्यांचा संयुक्त उन्हाळी संशोधन कार्यक्रम विद्यार्थ्यांइतकाच प्राध्यापकांसाठीही आहे. दोन महिने एखाद्या मोठ्या संस्थेत काम, प्रवासखर्च आणि विद्यावेतन. अर्ज साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरात घेतले जातात, म्हणजे आपल्याकडे पहिल्या सत्राच्या परीक्षा आणि दिवाळी यांच्या धबडग्यात. म्हणून तो राहून जातो. अर्जातला मजकूर ऑगस्टमध्येच लिहून ठेवा. ‘मला नॅनोतंत्रज्ञानातलं प्रगत ज्ञान मिळवायचं आहे’ असल्या वाक्याने निवड होत नाही. ‘आम्ही झिंक ऑक्साइड सोल-जेलने बनवतो, आकार फक्त एक्सआरडीवरून काढतो, टीईएमचा नमुना बनवायला शिकायचं आहे, आणि परत आल्यावर विभागातल्या चार विद्यार्थ्यांचं काम त्यावर अडलंय’ असं लिहिलं, की वाचणाऱ्याला तुम्हाला कुणाकडे पाठवायचं ते कळतं.

दुसरी अडचण कागदाची. उन्हाळ्यात कॅप, म्हणजे परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची केंद्रीय तपासणी, असते, प्रॅक्टिकल परीक्षा असतात. निवड झाल्यावर रजा मागायला गेलं, की प्राचार्य म्हणतात कॅपचं काय, आणि त्यांचंही चुकत नाही. अर्ज करतानाच विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांना आणि तिथून कॉलेज चालवणाऱ्या संस्थेला पत्र द्या. तारखा, ऑन ड्यूटी रजा आणि कॅपचं काम कुणी घेणार त्याचं नाव, तिन्ही त्यात असू द्या. नाव लिहिलेलं पत्र लवकर पुढे सरकतं.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला रस्ता आहे. 2022 च्या नियमांनुसार दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिथं नुसते निकाल दाखवून उठू नका. ‘हे तंत्र शिकल्याशिवाय तिसरं प्रकरण पूर्ण होणार नाही’ असं समितीच्या टिपणात नोंदवून घ्या. मग रजा, पत्र आणि प्रयोगशाळेचा खर्च मागायला लेखी आधार मिळतो.

भौतिकशास्त्रवाल्यांसाठी एक गोष्ट अगदी वाटेवर आहे. नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावच्या अलीकडे-पलीकडे जाताना आपण सगळे जीएमआरटीच्या पाटीवरून पुढे जातो. खोडदची ती प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे, आणि निरीक्षणासाठी वेळ मागणारा प्रस्ताव कॉलेजातला संशोधकही पाठवू शकतो. प्रस्ताव वर्षातून दोनदा मागवतात. पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था विद्यापीठ-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना तीन वर्षांसाठी व्हिजिटिंग असोसिएट म्हणून घेते; ग्रंथालय, संगणक आणि तिथं जाऊन राहण्याची सोय त्यात येते. कॉलेजच्या शिक्षकाला इतकी मोकळीक देणाऱ्या योजना फार नाहीत.

जीवशास्त्र आणि कृषीकडच्या मंडळींचा प्रश्न बहुधा सांख्यिकीचा असतो. दिंडोरी-निफाडच्या बागांमधून द्राक्षाचे नमुने आणणारे खूप आहेत. तीन वेलींची प्रत्येकी दहा पानं घेतली आणि n = 30, म्हणजे तीस स्वतंत्र नमुने, लिहून दोन गटांची तुलना करणारी टी-टेस्ट लावली, की परीक्षक पेपर परत करतो. एका वेलीची दहा पानं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. त्यांचं पाणी एक, खत एक, रोगही बहुधा एकच. इथं n = 3 आहे. फवारणी ओळीनुसार केली असेल तर एकक ओळ होते, आणि फवारणीच्या दोन्ही प्रकारांना एकेकच ओळ दिली असेल तर पुनरावृत्ती शून्य. हे कळायला महागडा कोर्स लागत नाही, पण प्रयोग लावायच्या आधी कळावं लागतं, छाटणी होऊन गेल्यावर नाही.

यासाठी आयआयटींच्या एनपीटेल उपक्रमातले आठ किंवा बारा आठवड्यांचे ऑनलाइन कोर्स चांगले आहेत. शिकणं फुकट, परीक्षा दिली तर फी 1000 रुपये. गुणांत 25 टक्के असाइनमेंटचे आणि 75 टक्के प्रत्यक्ष केंद्रावरच्या परीक्षेचे. उत्तीर्ण व्हायला असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30, दोन्ही वेगवेगळे लागतात. परीक्षेत साठ मिळवूनही असाइनमेंट बुडवल्यामुळे प्रमाणपत्र हुकलेले बरेच असतात. आठ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम सहा, बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात. म्हणजे दोन-चार आठवडे चुकले तरी चालतं, सुरुवातीलाच हातपाय गाळू नका. आर, पायथन किंवा लाटेक अगदी पहिल्यापासून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत आणि त्यांतले बरेच मराठीतही आहेत. इंग्रजी धडा थांबवून थांबवून बघणाऱ्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना आधी हे द्या.

लेखनाबद्दल थोडक्यात. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे ‘केअरमध्ये आहे’ एवढं म्हणून आता भागत नाही. नियतकालिक स्वतःच तपासावं लागतं. जुन्या अंकातल्या चार लेखांचे डीओआय (लेखाचे कायमचे ओळख-दुवे) उघडून बघा, नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक अधिकृत पोर्टलवर टाकून नाव आणि संकेतस्थळ जुळतं का बघा. तीन दिवसांत स्वीकृती आणि लगेच यूपीआयचा क्यूआर कोड आला, तर तिथंच थांबा. चालू नियतकालिकाच्या नावाचं हुबेहूब खोटं संकेतस्थळ काढणारेही आहेत, म्हणून ईमेलमधल्या दुव्यावरून कधीच पेपर भरू नका. पेपर वाचायला मिळण्याचं म्हणाल, तर अनुदानित महाविद्यालयांना इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट या ई-नियतकालिकांच्या योजनेतून प्रवेश मिळतो. लॉगिन ग्रंथपालांकडे असतं आणि कित्येक विभागांत ते कुणी मागितलेलंच नसतं.

सगळ्यांनी बाहेर जाण्यापेक्षा शिकवणाऱ्यांना इकडे आणणं स्वस्त पडतं, आणि ते फार थोडे करतात. उन्हाळी कार्यक्रम चालवणाऱ्या त्याच विज्ञान अकादम्या महाविद्यालयांत दोन-तीन दिवसांच्या व्याख्यान-कार्यशाळांना मदत करतात. प्रस्ताव कॉलेजने पाठवायचा असतो. विषय अरुंद ठेवा. ‘पदार्थविज्ञानातील आधुनिक प्रवाह’ नको, ‘पावडर एक्सआरडीचा डेटा वाचणं’ हवं. सहभागींना आपापली फाइल लॅपटॉपवर घेऊन यायला सांगा. दुपारच्या सत्राला भाषण ठेवू नका, हाताने करायचं काम ठेवा. जेवणानंतरच्या भाषणात किती जण जागे असतात ते सांगायला नको. दोन-तीन कॉलेजांनी मिळून केलं तर खर्चही वाटला जातो. तारखा ठरवताना एवढं बघा, की 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या दिवसांत पाहुण्यांना नाशिकात खोलीही मिळणार नाही आणि रामकुंडाच्या बाजूचे रस्तेही.