मंडईच्या पोटातले स्थानक

शनिवार, रात्री

आज भाजी घेऊन पुण्याच्या मंडईच्या मेट्रो स्थानकात उतरले आणि आलेली गाडी सोडून देऊन बराच वेळ फलाटावर बसून राहिले. पिशवीतल्या ओल्या मेथीचे पाणी फरशीवर ठिबकत होते. शेजारच्या आजींनी न सांगता आपले वर्तमानपत्र तिच्याखाली सरकवले. वर मंडईत जशी अनोळखी माणसे एकमेकांशी सहज बोलतात, तशीच ती आता इथे खालीही बोलू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला.

अष्टकोनी मनोऱ्याची दगडी मंडई १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून उभी राहिली आणि पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. तिच्या शेजारी मेट्रोसाठी खड्डा खणला जात होता, तेव्हा जुन्या पेठांतले वाडे हादरतील की काय, या काळजीने आमच्या घरात रोज चर्चा होत असे. कृषी महाविद्यालयापासून स्वारगेटपर्यंतचा सुमारे ६ किलोमीटरचा भुयारी मार्ग ज्या यंत्रांनी खोदला, त्यांना मुठा, मुळा आणि पवना अशी आपल्याच नद्यांची नावे दिली होती, आणि त्यांतली काही मुठेच्या पात्राखालून पेठांत आली. २०१९ मध्ये मंडईच्या खोदकामात मोठ्या प्राण्याची हाडे सापडली व ती हत्तीची असावीत असे सांगण्यात आले, त्या बातमीचे कात्रण मी अजून जपून ठेवले आहे. सरकत्या जिन्याने खाली जाताना दर वेळी त्या हत्तीची आठवण होते. तो कोणाच्या पदरी असेल, कोणत्या वाटेने चालला असेल, असे मनात येत राहते.

पुढचे स्थानक कसबा पेठ. आराखड्यात त्याचे नाव बुधवार पेठ होते; पुढे कसब्याचे नाव दिले गेले. कसबा हे गावाचे मूळ ठिकाण, म्हणून हे मला योग्यच वाटते.

मंडईतून जाणाऱ्या या मेट्रो टप्प्याचे २६ सप्टेंबर २०२४ ला ठरलेले उद्घाटन पावसामुळे लांबले आणि २९ तारखेला गाड्या सुरू झाल्या. त्या आठवड्यात इथे आलेले लोक गाडीपेक्षा छताकडेच अधिक पाहत होते. आज मात्र कोणी वर पाहत नव्हते. एक मुलगा फुलांची टोपली मांडीवर घेऊन झोपला होता, आणि गाडी आली तेव्हा आजींनीच त्याला हलवून जागे केले.