तुम्ही विचारलंत म्हणून: धनुष्यासाठी वेगळा महिना कशाला?

हा प्रश्न मला दोन टोकांकडून येतो. इथे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात, रायफलने शिकार करणारे मित्र विचारतात, "सप्टेंबरचा अख्खा महिना तुम्हा धनुष्यवाल्यांनाच का? एकच परवाना काढा, ज्याला जे हत्यार जमतं ते घेऊन जाऊ दे." आणि यवतमाळकडचा मामेभाऊ फोनवर म्हणतो, "ताई, तुमच्याकडे बंदूक सहज मिळते ना, मग बाण कशाला मारत बसतेस?"

मी दोन्ही हत्यारं वापरते. आमच्या घरी फ्रीजरमध्ये मटण असतं ते एल्कचं, म्हणजे सांबरासारख्या इथल्या मोठ्या हरणाचं. आणि माझं मत ठाम आहे: धनुष्याचा वेगळा परवाना राहायलाच हवा. मात्र त्यासाठी नेहमी जे कारण पुढे केलं जातं, ते मला अजिबात पटत नाही.

ते कारण म्हणजे धनुष्य प्राचीन आहे, शुद्ध आहे, त्यात जास्त मर्दुमकी आहे. अमेरिकेत या भावनेमागे एक खरी गोष्ट आहे. 1911 साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात 'याही' (Yahi) नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस रानातून बाहेर आला. त्याला लोक इशी म्हणू लागले. त्याच्यावर उपचार करणाऱ्या सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य बनवायला आणि चालवायला शिकून घेतलं. 1916 मध्ये इशी गेला. पोप आणि त्याचा सोबती आर्थर यंग यांनी मग धनुष्याच्या शिकारीचा छंद देशभर पोचवला. 1934 मध्ये विस्कॉन्सिनने हरणांसाठी फक्त धनुष्याचा सीझन उघडला, आणि 1961 मध्ये या दोघांच्या नावाने क्लब उभा राहिला. गोष्ट मोठी आहे, पण तिचा पहिला भाग लोक गाळतात. इशीची माणसं बंदुकांनी संपवली गेली. धनुष्य हे त्यांचं पोट भरण्याचं साधन होतं. आपल्या परवान्याला शोभा यावी म्हणून इशीचं नाव घेणं मला बरं वाटत नाही. शिवाय सरकारी वन्यजीव खातं कुणाच्या भावनेवर जनावरं वाटत नाही, वाटूही नये.

खरं कारण साधं आहे. धनुष्याने जनावर क्वचित मिळतं.

कोलोरॅडोत एल्कचा कळप जगात सर्वांत मोठा, पावणेतीन लाखांच्या आसपास. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच राज्यात एल्क जवळजवळ संपले होते आणि वायोमिंगहून गाड्या भरून आणावे लागले. म्हणजे बेलगाम शिकारीने काय होतं, हे या डोंगरांनी पाहिलेलं आहे. लगाम तीनच ठिकाणी घालता येतो: किती माणसं जातील, कधी आणि कुठे जातील, आणि हातात काय असेल. तिसरा लगाम सोडला की पहिला आवळावाच लागतो. माझ्या मते सगळा वाद एवढ्यावर येऊन थांबतो. "कुठलंही हत्यार" हे ऐकायला उदार वाटतं, पण रानात त्याचा अर्थ रायफल असाच होतो. तीनशे यार्डांवरून गोळी घालायची मुभा असताना तीस यार्डांपर्यंत सरपटत जाणारे विरळाच. हल्लीही रायफलच्या परवान्यावर धनुष्य नेता येतं, फक्त अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी घालावं लागतं. असं जाताना मला फारसं कुणी दिसत नाही.

आता सप्टेंबरकडे या. नर एल्क माजावर येतात ते याच महिन्यात. पहाटे दरीतून त्यांची शीळ घुमते, आणि एकेक नर आपली जागा मैलभर लांबून सांगत असतो. धनुष्यवाल्याला तेवढं कळून भागत नाही. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की तीच वर वाहू लागते. तुमचा वास तिच्याबरोबर गेला की खेळ खलास. मादी एल्क नराच्या भोवती असतात, त्यांतल्या एकीनेही मान वर केली की थिजून उभं राहायचं. आणि हे सगळं जमून आलं तरी जनावर आडवं, फुप्फुसाची बाजू समोर, असं उभं राहायला हवं. म्हणून महिनाभर दिवस मिळूनही इथे धनुष्याच्या परवान्यावर साधारण दहातल्या एकाला एल्क मिळतो. उलट पहिला रायफल सीझन ऑक्टोबरच्या मध्यावर येतो, तोवर माजाचा भर ओसरलेला असतो, आणि तो असतो पाच दिवसांचा. तोच रायफलवाला सप्टेंबरमध्ये त्या शीळेच्या दिशेने सोडला, तर समोरच्या उतारावर बसून काम होईल. दोन-तीन वर्षांत मोठे नर उरणार नाहीत, आणि खात्याला परवाने इतके कमी करावे लागतील की अर्धीअधिक माणसं घरी बसतील.

याला अपवाद आहेत, आणि ते लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. मॉंटानात बॉब मार्शल नावाच्या निर्जन अरण्यात आणि आयडाहोतल्या सेलवेच्या खोऱ्यात 15 सप्टेंबरपासून, भर माजाच्या काळात, रायफल चालते. तरी तिथले कळप संपलेले नाहीत. कारण तिथे पोचायला घोडे-खेचरं लागतात, दिवस लागतात, आणि मटण बाहेर काढायला आणखी दिवस. तिथे लगाम अंतराने घातलेला आहे. रस्त्यापासून तासाभराच्या चालीवर असलेल्या रानाला तो लागू पडत नाही.

तसंच जिथे मोजकेच टॅग (एका जनावराचे परवाने) निघतात, मोठ्या शिंगांची रानमेंढरं किंवा मूस हे अवाढव्य हरीण, तिथे धनुष्याचा हट्ट धरण्यात मला तितका दम वाटत नाही. टॅग लागायलाच वर्षानुवर्षं ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत, पॉइंट साठवावे लागतात, आणि किती जनावरं जाणार ते आधीच ठरलेलं असतं.

आणि जिथे संख्या कमीच करायची आहे, तिथे तर बंदूकच हवी. माझ्या मामेभावाचं म्हणणं इथे बरोबर आहे. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत सोयाबीनचं शेत लोळवतात. तो वन खात्याच्या परवानगीची वाट पाहत असतो तेव्हा त्याला शिकारीचा अनुभव नको असतो, पीक वाचवायचं असतं. इकडेही रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात एल्क वाढून विलोची झुडपं खुरटली, तेव्हा 2009 पासून काही वर्षं प्रशिक्षित पथकांनी जनावरं कमी केली, ती रायफलनेच. हिवाळ्याच्या तोंडावर मादीचा टॅग लागला, तर मीही रायफलच खांद्याला लावते.

आता धनुष्यवाल्यांच्या बाजूने जे दुखणं आहे त्याबद्दल. बाण धक्क्याने मारत नाही, तो रक्तस्रावाने मारतो. जिव्हारी लागला तर एल्क शंभर-दीडशे पावलांत कोसळतो. नाही लागला तर तासन् तास रक्ताचा माग काढायचा, आणि कधी कधी तो माग मध्येच विरतो. मेरीलँडमधल्या नौदलाच्या एका तळावर 1989 ते 2006 अशी नोंद ठेवली गेली: धनुष्याने 908 हरणांना बाण लागले, त्यांतली 162 सापडली नाहीत. म्हणजे सुमारे 18 टक्के. आणि ही सराव तपासून घेतलेली माणसं होती, साधनंही आधुनिक होती. "धनुष्यवाले जास्त नीतिमान" असं कुणी म्हणालं की हा आकडा मला डोळ्यांसमोर दिसतो. रायफलनेही जनावरं जखमी होतात, पण म्हणून आपला हिशेब चुकता होत नाही.

म्हणून वेगळ्या परवान्याची बाजू घेणाऱ्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत, असं मला कळकळीने वाटतं.

पहिली, साधनाला मर्यादा. 1969 मध्ये हॉलिस विल्बर ॲलन यांना कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्याचं पेटंट मिळालं, आणि त्या चाकांनी सगळं बदललं. पूर्ण ताणल्यावर हातावर मूळ वजनाचा पाचवा हिस्सासुद्धा कधी कधी उरत नाही, त्यामुळे नेम धरून उभं राहता येतं. मी कंपाऊंडच वापरते. पण नेम धरायला अंतर मोजणारी इलेक्ट्रॉनिक साईट, ऐंशी यार्डांवरून सोडलेले बाण, आणि वर क्रॉसबोची (बंदुकीसारखा घोडा दाबून बाण सोडायच्या आडव्या धनुष्याची) मागणी, असं करत गेलो तर महिनाभराचा सीझन कशाच्या बळावर मागायचा? आपण मागतोय ते "आमचं साधन दुबळं आहे" या कारणाने. कोलोरॅडोने धनुष्याच्या सीझनमधून क्रॉसबो बाहेर ठेवली आहे, अपंग शिकाऱ्यांना सूट देऊन, आणि ते योग्यच आहे. युटा राज्याने ठासणीच्या बंदुकीवर 2016 मध्ये मोठं दाखवणारी दुर्बीण लावू दिली आणि 2024 मध्ये ठासणीच्या बंदुकीच्या सीझनमधून ती सवलत परत काढून घेतली. दिलेली सवलत काढून घ्यायला हिंमत लागते. युटाने ती दाखवली.

गर्दीचीही मर्यादा त्यातच येते. वर्षानुवर्षं बाहेरच्या राज्यातले शिकारी इथे दुकानात जाऊन धनुष्याचा एल्क परवाना विकत घ्यायचे, ड्रॉ नाही, काही नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारी जंगलातल्या वाटांवर गाड्यांची रांग लागायची आणि एल्क खासगी रँचवर सरकायचे, जिथे ना आम्हाला जाता येतं ना रायफलवाल्यांना. 2025 पासून राज्याच्या पश्चिम भागात बाहेरच्यांना हा परवाना ड्रॉमधूनच मिळतो. कुरकुर झाली, आजही होते. माझा त्या निर्णयाला पाठिंबा आहे, आणि उद्या इथे राहणाऱ्यांवरही ड्रॉची वेळ आली तर मी विरोध करणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षा. मॉंटाना आणि आयडाहोत धनुष्याच्या परवान्याआधी वेगळा अभ्यासक्रम किंवा आधीचा धनुष्य परवाना दाखवावा लागतो. डेन्मार्कने धनुष्याची शिकार सुरू केली तीच नेमाच्या चाचणीसकट. कोलोरॅडोत शिकारीचा सर्वसाधारण कोर्स आहे, धनुष्यासाठी वेगळं काही नाही. धनुष्य किमान 35 पौंडांचं हवं, पातं किमान पाऊण इंचाहून थोडं रुंद हवं, हे नियमात आहे. पण ते चालवणाऱ्याचा हात कसा हवा, यावर नियम गप्प आहेत. राज्याच्या वन्यजीव आयोगापुढे लोकांना बोलायला मिळतं तेव्हा मी एवढंच मागते: वीस आणि तीस यार्डांवर, अनोळखी उतारावर, दम लागलेला असताना, बाण ठरलेल्या वर्तुळात पडलाच पाहिजे. नाही पडला तर पुढच्या वर्षी या.

मागे एका रायफलवाल्या मित्राने हे ऐकून विचारलं, मग आम्हालाही अशीच परीक्षा का नको, चारशे यार्डांवरून गोळी मारणारे काय सगळे निष्णात आहेत? मी त्याला म्हटलं, तू माग, तुझ्या अर्जावर पहिली सही माझी.