डीग : पावसासाठी बांधलेले महाल आणि मराठ्यांना मिळालेला आसरा

गोवर्धनच्या परिक्रमेला महाराष्ट्रातून पुष्कळ माणसं जातात. परिक्रमा झाली, मथुरेचे पेढे घेतले, की बहुतेकांची गाडी आग्र्याच्या रस्त्याला लागते. गोवर्धनहून पश्चिमेला पंधरा-एक किलोमीटर गेलं की राजस्थानची हद्द ओलांडून डीग हे गाव लागतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. भरतपूरच्या जाट राजांची ही पहिली राजधानी. दोन तलावांच्या मध्ये महाल, महालांच्या मधोमध चारबाग आणि बागेत शेकडो कारंजी. उत्तरेतले पुष्कळ राजवाडे मी पाहिले आहेत, पण डीगइतका मनात घर करून बसलेला दुसरा नाही. मराठी माणसाने इथे यायला आणखी एक कारण आहे आणि ते मला महालांइतकंच मोलाचं वाटतं. त्याबद्दल पुढे सांगते.

मी आणि ताई श्रावणात गेलो. भरतपूरला मुक्काम होता. सकाळची बस धरली. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना बाजरी, मधेच पाणी साचलेल्या शेतात उभे बगळे. अर्ध्या वाटेवर कुंभेर येतं आणि किल्ला बसच्या खिडकीतूनच दिसतो. कंडक्टरने "कुम्हेर, कुम्हेर" असा पुकारा केला तेव्हा ताईने माझा हात दाबला. आम्हा दोघींच्याही मनात एकच नाव होतं, खंडेराव होळकर. १७५४ साली रघुनाथराव आणि मल्हारराव होळकरांनी या किल्ल्याला वेढा घातला होता. त्या वेढ्यात मोर्चे पाहायला गेलेल्या खंडेरावांना तोफेचा गोळा लागला. अहिल्याबाई सती जायला निघाल्या आणि सासऱ्यांनी त्यांना मागे फिरवलं, ती घटना इथली. मल्हाररावांनी एकुलता एक मुलगा गमावला आणि त्याच दुःखातून पुढे माळव्याला अहिल्याबाई मिळाल्या. खंडेरावांची छत्री कुंभेरजवळच्या गांगरसोली गावात आहे.

किल्ल्याच्या आत तेव्हा होते जाटांचे नेते सूरजमल. पुत्रशोकाने पेटलेले मल्हारराव माघार घ्यायला तयार नव्हते. तेव्हा सूरजमल यांच्या राणीने आपल्या नवऱ्याची पगडी मराठा सरदार जयाप्पा शिंद्यांकडे पाठवून पगडीभाऊ होण्याची गळ घातली, अशी कथा या भागात अजून सांगतात. शेवटी तह झाला आणि वेढा उठला. हे मनात ठेवूनच पुढे डीगला जायला हवं.

गाव छोटं आणि गजबजलेलं. अरुंद रस्ता, कचोरीच्या कढया, सायकली, "राधे-राधे" म्हणत एकमेकांना वाट देणारी माणसं. राज्य राजस्थानचं असलं तरी मुलूख ब्रजचा आहे, भाषा ब्रज आहे, आणि महालांची नावंही तशीच : गोपाल भवन, नंद भवन, केशव भवन, किशन भवन, हरदेव भवन. सिंह पोळ या मोठ्या दरवाजातून आत शिरलो आणि बाजाराचा गलका एकदम मागे पडला.

डीगची मूळ उभारणी बदनसिंग यांची. १७२२ मध्ये जयपूरच्या सवाई जयसिंगांच्या पाठिंब्याने ते या मुलखाचे राजे झाले आणि त्यांनी इथे राजधानी केली. त्यांचा पुराना महाल आजही दक्षिण अंगाला उभा आहे. बागेभोवतीचे देखणे महाल मात्र मुख्यतः त्यांचे पुत्र सूरजमल यांच्या काळातले, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यातले. सगळं काम बंसी पहाडपूरच्या फिक्या, किंचित गुलाबी छटेच्या वालुकाश्मातलं. जयपूरसारखा रंगांचा दिमाख इथे नाही. दगड, पाणी आणि हिरवळ या तिघांवरच सगळी मदार आहे. छज्जे दुहेरी आहेत, खालचा उतरता आणि वरचा जवळजवळ सपाट, त्यामुळे भर दुपारीही भिंतीवर सावलीचे दोन पट्टे पडतात. आम्ही बराच वेळ नुसते ते पट्टे बघत उभ्या होतो.

गोपाल भवन हा यातला मुख्य महाल. बागेच्या बाजूने पाहिलं तर शांत, भारदस्त इमारत, फार उंच नाही. मागे गोपाल सागराच्या काठाने वळसा घातला की तीच इमारत थेट पाण्यातून वर आलेली दिसते आणि मजले मोजता मोजता चारावर जातात. खालचे मजले पाण्याच्या पातळीला आहेत. उन्हाळ्यात राजघराणं तिथे राहायचं. दोन्ही बाजूंना पाण्यालगत दोन छोटे मंडप आहेत, सावन आणि भादो, पालखीच्या छतासारख्या बाकदार छपरांचे. ज्या महिन्यांची वाट बघत माणसं इथला वैशाख-ज्येष्ठ काढतात, त्या महिन्यांची नावं इमारतींना दिलेली. ही कल्पनाच मला फार जवळची वाटली.

महालात संग्रहालय आहे. भरतपूरचं राजघराणं गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हा महाल वापरत होतं, त्यामुळे फर्निचर, झुंबरं, पंखे जागच्या जागी आहेत. मला सगळ्यात आवडलं ते खाली बसून जेवायचं संगमरवरी मेज, घोड्याच्या नालेच्या आकाराचं. पाहुणे बाहेरच्या कडेने मांडी घालून बसायचे आणि वाढणारे आतल्या मोकळ्या जागेत फिरून वाढायचे. वाकून, ओलांडून, मागून हात घालून वाढणं नाही. पंगत कशी वाढावी याचा इतका विचार केलेला दगड मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

महालासमोरच्या चौथऱ्यावर संगमरवरी हिंडोळा आहे. नुसत्या खांबांची कमान, झुला नाही. हा दिल्लीहून जिंकून आणलेला, असं इथे सगळे अभिमानाने सांगतात. मोगलांच्या राजधानीतून दगडी कमान उचलून आणायची आणि श्रावणात तिला झोका बांधायचा, यात त्या काळच्या जाटांची सगळी उमेद दिसते.

आता पाण्याबद्दल. डीगला येऊन पाणी समजून घेतलं नाही तर अर्धं डीग बघायचं राहिलं. आम्ही गेलो तेव्हा कारंजी बंद होती, पण बागेत गवत काढणाऱ्या एका वयस्कर माळ्याने आम्हाला हाक मारली. "बहनजी, नीचे क्या देखती हो, ऊपर देखो," म्हणत त्याने किशन भवनाच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे वर, छताच्या उंचीवर, एक प्रचंड हौद आहे. सगळ्या कारंज्यांचं पाणी तिथून येतं. पूर्वी हा हौद विहिरींवर बैलांच्या मोटा लावून भरत. चामड्याची मोट, धावेवरून खाली-वर जाणारे बैल, आणि भरायला कितीतरी दिवस. मोटेचं नाव निघाल्यावर ताई लगेच आजोळच्या विहिरीबद्दल बोलायला लागली, आणि माळीबुवा हातातलं खुरपं खाली ठेवून ऐकत बसले.

हौदाच्या भिंतीला रांगेने भोकं आहेत. प्रत्येक भोकातून जमिनीखालून गेलेला एक नळ आणि त्याला लाकडी बूच. कुठली कारंजी उडवायची त्याप्रमाणे बुचं काढायची. उंचीमुळे पाण्याला जो दाब मिळतो त्यावरच कारंजं उडतं, दुसरं काहीही यंत्र नाही. आणि सणाच्या दिवशी रंगांच्या पुरचुंड्या कापडात बांधून त्या भोकांमध्ये ठेवल्या की पाणी वाटेत रंग घेतं आणि एकेका कारंज्यातून वेगवेगळ्या रंगाचं उडतं. आठवडाभर बैलांनी उपसलेलं पाणी काही तासांत संपून जायचं. उधळपट्टी म्हणून कोणी नाक मुरडेल, पण मला तसं वाटत नाही. पाणी इथे दिसायला, ऐकू यायला आणि अंगावर यायला हवं होतं. भाजून काढणाऱ्या उन्हाळ्याच्या मुलखात पाऊस निर्माण करणं यापेक्षा राजाने आणखी कुठली हौस करावी?

आणि पाऊस निर्माण केला होता, अगदी खरोखर. रूप सागराच्या काठाला केशव भवन ही एकमजली बारादरी आहे. आत चारही बाजूंनी फिरणारा पाण्याचा पाट, त्यात कारंज्यांच्या बारीक तोट्या, आणि छज्ज्यांवरून खाली पडणारी धार. मध्ये बसणाऱ्याभोवती पाण्याचा पडदा उभा राहायचा. छत दुहेरी आहे. त्या पोकळीत दगडी गोळे ठेवलेले असत, पाण्याच्या जोराने ते गडगडत आणि खाली बसलेल्यांना ढगांचा गडगडाट ऐकू येई, असं सांगतात. वरच्या मजल्यावर कोणी दगडी जातं ओढत न्यावं तसा तो आवाज येत असेल. आम्ही दोघी त्या कोरड्या पाटाच्या कडेला बसलो होतो आणि खरा पाऊस आला. भुरभुर नाही, चांगली सर. बागेतली शाळेची सहल पळत पळत आमच्या बारादरीत घुसली, मुलं ओरडत होती, मास्तर मोजदाद करत होते. अडीच शतकांपूर्वी या इमारतीकडून जे अपेक्षित होतं ते त्या अर्ध्या तासात पुरेपूर मिळालं.

सूरज भवन पांढऱ्या संगमरवराचं आहे आणि त्यावर रंगीत दगडांची जडावाची पट्टी आहे. नंद भवन हे सभा-समारंभांचं मोठं दालन. दोन्ही बघावीत, पण केशव भवनानंतर माझं मन त्यांच्यात रमलं नाही.

आता ते दुसरं कारण.

१७६० मध्ये सदाशिवराव भाऊ उत्तरेत आले तेव्हा सूरजमल त्यांच्यासोबत होते. बायकामुलं, बाजारबुणगे आणि जड तोफा मागे सुरक्षित किल्ल्यांत ठेवा, हलक्या फौजेने गनिमी पद्धतीने लढा, असा सल्ला त्यांनी दिला होता. तो मानला गेला नाही, मतभेद वाढले आणि ते छावणी सोडून निघून आले. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे व्हायचं ते झालं. कडाक्याच्या थंडीत, उपाशी, जखमी, अंगावर धड वस्त्र नाही अशा अवस्थेत उरलेली माणसं दक्षिणेकडे चालत सुटली. वाटेत त्यांना लुटणारे होतेच. जाटांच्या मुलखात पोहोचल्यावर मात्र त्यांना अन्न मिळालं, कपडे मिळाले, औषधपाणी झालं, वाटखर्च मिळाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंना सन्मानाने ठेवून बंदोबस्तात ग्वाल्हेरकडे रवाना केलं. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहादूर जखमी अवस्थेत इथवर आला आणि डीगमध्येच त्याने प्राण सोडला, असं इतिहासकार सांगतात. तिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने.

सात वर्षांपूर्वी ज्यांनी कुंभेरला वेढा घातला, त्यांनाच हे घर उघडं झालं. मदत केली तर अब्दालीचा रोष ओढवणार हे सूरजमल यांना कळत नव्हतं असं नाही. मी पुराना महालाच्या चौकात उभी होते तेव्हा हेच डोक्यात होतं. बागेभोवतीचे काही महाल तेव्हा नुकतेच उभे राहिले असतील, काहींवर पाथरवटांची छिन्नी चालू असेल, आणि फाटक्या पासोड्या पांघरलेली आपली माणसं या गावात शिरली असतील.

हे एकदाच घडलं असंही नाही. महालांच्या शेजारीच खंदकाने वेढलेला किल्ला आहे. आत झाडी माजली आहे, मोरांचे आवाज येतात. लाखा बुरुजावर चढून गेलात तर मोठी तोफ आणि सगळा आसमंत दिसतो. १३ नोव्हेंबर १८०४ ला याच भागात यशवंतराव होळकरांच्या पायदळाची आणि इंग्रजांची मोठी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती जनरल फ्रेझर प्राणांतिक जखमी झाला. पुढच्याच महिन्यात जनरल लेक वेढ्याच्या तोफा घेऊन आला आणि शाह बुरुजाला खिंडार पाडून नाताळच्या आसपास त्याने डीग घेतलं. तोवर यशवंतराव भरतपूरच्या आश्रयाला गेले होते. सूरजमल यांचे पुत्र रणजितसिंग तेव्हा गादीवर होते. यशवंतरावांना आमच्या हवाली करा, हे इंग्रजांचं मागणं त्यांनी मानलं नाही. लेकने १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भरतपूरवर चार हल्ले केले आणि चारही फसले. एप्रिलमध्ये तह झाला तेव्हा रणजितसिंगांना वीस लाखांचा भुर्दंड सोसावा लागला. पाहुण्याला आसरा दिल्याची ही किंमत.

महालांच्या आवारात पानिपतच्या त्या आश्रितांबद्दल मला कुठे फलक दिसला नाही. तो असायला हवा, आणि मराठीतही असायला हवा. दरवर्षी जानेवारीत पानिपतला जाणाऱ्या मराठी मंडळींनी हे काम मनावर घ्यावं, असं मला फार वाटतं. पानिपतहून डीग एका दिवसाच्या अंतरावर आहे. ज्या वाटेने ती माणसं आली त्याच बाजूने यावं, आणि इथे उतरून कृतज्ञतेने हात जोडावेत.

जायचं तर पावसाळ्यात किंवा थंडीत जा, उन्हाळ्यात दगड तापतो. कारंजी उडताना पाहायची असतील तर श्रावण अमावास्येच्या (तिकडच्या पंचांगात ती भाद्रपद अमावास्या) सुमारास इथे ब्रजचा मेळा भरतो, तेव्हाचा बेत करा आणि तारखा आधी विचारून घ्या, कारण एरवी बहुतेक वेळ ती बंद असतात. भरतपूरहून आणि मथुरेहून बस, जीप सहज मिळतात, अलवर-मथुरा रेल्वेमार्गावर डीगचं स्टेशनही आहे. महाल आणि किल्ला दोन्हीला मिळून पूर्ण दिवस ठेवा. परतताना गोवर्धनजवळच्या कुसुम सरोवराकाठी थांबा. सूरजमल यांची छत्री तिथे आहे, मुलगा जवाहरसिंग याने बांधलेली.